मुरमाला तुझं नाव नको

पारस,

तुझ्या शोकसभेत मी तुझ्या विरोधात बोललो, असं सध्या टेंभुर्णीत सगळीकडे चाललंय. पारावर तेच, वर्गातल्या आपल्या उत्तमच्या ट्रॅक्टरवर तेच, तुझ्याच गुरांच्या ढेपीच्या दुकानासमोर तेच. बातमी जालन्यापर्यंत आली आहे. मस्तगडला माझ्या घराखालच्या किराणावाल्यानं परवा साखर बांधता बांधता विचारलं, "काका, वारलेल्या माणसासंगं कुणी भांडतं का?" मी म्हणालो, "जन्मभराची सवय हाय बाबा, एकदम कशी सुटंल?" तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

तू असतास तर सगळं ऐकून घेऊन शेवटी मलाच दोष दिला असतास, हे मला माहीत आहे. तरी काय झालं ते तुलाच सांगायला हवं. बाकीच्यांना आपला वाद धड माहीत नाही. त्यांच्या लेखी शाळेच्या मैदानात मुरूम टाकायचा की नाही, एवढीच गोष्ट आहे. आणि तेवढीच आहे म्हणा. पण ती आपण म्हातारे होईपर्यंत पुरवली.

तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात आपला फोन झाला होता. विषय दुसरा कुठला असणार? मी म्हणत होतो, यंदा तरी ती काळी माती फूटभर उकरून काढू, मुरूम टाकू, पाणी मारून रोलर फिरवू, म्हणजे जन्माची कटकट जाईल. तू म्हणत होतास, काळ्या मातीला हात लावायचा नाही. मी म्हणालो, तू अडाणी आहेस. तू म्हणालास, "मी अडाणी, तर तू सरकारी. दोघांत जास्त खराब कोण ते गावाला विचारू." मग म्हणालास, "थांब रे साहेबा, गिऱ्हाईक आलं. नंतर करतो." आणि फोन ठेवलास.

संक्रांतीच्या तोंडावर उत्तमचा फोन आला. "भास्करराव, पारसशेठ गेले. दुकानातच. बसल्या जागी." खरं सांगतो, मी आधी चिडलो. दुःख नंतर झालं. वाद अर्धवट टाकून उठायची तुझी रीत नव्हती.

आपल्या शाळेत फुटबॉल आला तो हाश्मी सरांमुळे. हैदराबादकडचे सर. शाळेत क्रिकेटचं सामान आणायची ऐपत नव्हती, आणि सर म्हणायचे की एका चेंडूत अख्खा वर्ग कामाला लागतो. मला त्यांनी गोली केलं, कारण मी उंच होतो आणि पळायचा आळशी होतो. चेंडू आला की मी डोळे मिटायचो. सर कडेला बसून ओरडायचे, "अरे भास्कर मियाँ, आँख कायकू बंद करते? गेंद तुमको खाती क्या?" तुला त्यांनी माझ्यापुढे बॅकला लावलं. बुटका, रुंद, पाय जमिनीत रोवल्यासारखा. तुझ्याजवळून कोणी सहजासहजी निघायचं नाही, आणि निघालाच तर तू त्याच्या मागे पळण्याऐवजी मागं वळून आधी मला शिव्या द्यायचास. गोल माझ्यामुळे झाला हे तू चेंडू जाळीत जायच्या आधीच ठरवलेलं असायचं. जाळी कुठली म्हणा, दोन बल्ल्या आणि वरून दोरी होती.

पंचाशी तू हात जोडून भांडायचास. दुसऱ्या कुणाला मी असं भांडताना पाहिलं नाही. "सर, पाया पडतो, पण हे गलत हाय." पंच बिचारा गोंधळायचा. पाया पडणाऱ्या पोराला बाहेर कसं काढायचं?

जाफराबादची मॅच तुला आठवत असणार. नसली तरी तुझ्या मांडीला आठवत असणार. त्यांचं मैदान मुरमाचं. आपण आयुष्यभर काळ्या मातीत लोळलेले, तुला सवय होती चेंडूमागे अंग टाकून द्यायची. तिथंही तू टाकलंस. उठलास तेव्हा उजवी मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत सोलून निघालेली. मी धावत आलो तर तू म्हणालास, "माझ्याकडं काय पाहतो? गोल संभाळ." आपण हरलो, बराबर हरलो, ते आपल्यापेक्षा चांगले होते. परत येताना एसटीत जागा होती आणि तू टेंभुर्णीपर्यंत उभा आलास, बसता येत नव्हतं म्हणून. कंडक्टरनं विचारलं, "काय रे, बसायची लाज वाटून राह्यली का?" तू म्हणालास, "हरून आलोय. उभाच येतो." पूर्ण गाडी हसली. मला मात्र तू रडत होतास ते दिसलं होतं. तेव्हा काही बोललो नाही, पुढेही कधी बोललो नाही, आता लिहितोय.

तुझा मुरमावरचा राग त्या दिवसापासूनचा, असं माझं म्हणणं. तू ते कधी मान्य केलं नाहीस. "मांडीचं काय घेऊन बसला? मांडी आठ दिवसांत भरली. मी पोरांचं बोलून राह्यलो. आपल्या शाळेत निम्मी पोरं अनवाणी खेळतात. मुरमावर एकदा पडलं की पोरगं दुसऱ्यांदा अंग टाकत न्हाई. भितं. अन् अंग न टाकणारा बॅक काय कामाचा?" तुझा हा मुद्दा मी किती वेळा ऐकला असेल. मी दर वेळी म्हणायचो, मैदान सपाट असलं की पडायची पाळीच येत नाही. तू म्हणायचास, "पडायचंच असतं रे. गोली होता तू, तुला काय कळणार?"

दहावीनंतर मी डिप्लोमाला गेलो, मग बांधकाम खात्यात लागलो, बदल्यांवर फिरलो, शेवटी जालन्यात घर केलं. उत्तम शेतीत राहिला. बाकीचे कुणी पुण्याला, कुणी सुरतेला. तू वडिलांच्या गादीवर बसलास, सरकी आणि ढेप विकलीस, आणि गावाबाहेर फार तर लग्नाला गेलास. पण शाळा तू सोडली नाहीस. नवे हेडमास्तर रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात तू त्यांच्यासमोर. दहावीचा निकाल लागला की पोरांच्या आधी तुला टक्के माहीत. एकदा मी तुला म्हणालो, तू पास होऊन बाहेर पडलास की नाही, एकदा दाखला काढून बघ. तू म्हणालास, "दाखला हाय. पण कुठं जायचं ते त्यात लिहिलेलं न्हाई."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर माजी विद्यार्थी आणि शाळेची टीम यांची मॅच लावायची, हे तुझंच. ती मॅच आपण बहुधा कायम हरलो. त्यात काही नाही. पण तुझी खरी रीत आदल्या दिवसाची. जानेवारीपर्यंत आपली जमीन वाळून फाटते, मैदानात पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. त्या बुजवायला पंचवीस तारखेला सगळ्यांनी यायचं, आणि ज्याचं घमेलं त्यानं आणायचं. तुझे फोन महिनाभर आधीपासून सुरू. "पंचवीसला ये. घमेलं तुझं तू आण, शाळेची फुटलेली हायेत." सुरतेहून माणूस घमेलं घेऊन येतो म्हणून मी त्या सुरतवाल्याला हसायचो, आणि स्वतः जालना डेपोत, पॅन्टीत शर्ट खोचून, मांडीवर घमेलं घेऊन बसायचो. कंडक्टर विचारायचा, "साहेब, कुठल्या साइटवर?" मी सांगायचो, "शाळेच्या."

आता माझ्या धंद्याचं बोलतो, तुला आवडलं नाही तरी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. भेग पडली तर पडू द्यावी, पावसात ती आपोआप मिटते. तू त्या भेगेत कोरडी माती कोंबायचास. मग पाऊस पडला की आतली मातीही फुगणार आणि बाहेरचीही, मग ती जाणार कुठं? वर. तू दरसाल भेगा बुजवत होतास आणि मैदान दरसाल वर येत होतं. उत्तरेकडच्या गोलासमोर तर चांगला उंचवटा झाला. पोरं त्याला शेठचं टेकाड म्हणतात. शाळेच्या टीमला त्या टेकाडावरून चेंडू कसा उडवायचा ते पक्कं माहीत, आणि आपण तिथं दरसाल फसायचो. मी तुला कागदावर काढून समजावलं होतं. दुकानात, ढेपीच्या पोत्यावर कागद ठेवून. तू नीट पाहिलंस, मान हलवलीस आणि म्हणालास, "चित्र चांगलं काढतो तू." दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं उचललंस.

यात मी बरोबर आणि तू चूक. हे मी तू असताना म्हणत होतो, आता नसताना बदलणार नाही.

आता शोकसभेचं.

तुझ्या घरचा तिसऱ्या दिवसाचा उठावणा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत सभा झाली. टेबलावर तुझा फोटो, लग्नातला, फेट्यातला. तो फोटो कुणी निवडला माहीत नाही, त्यात तू भेदरलेला दिसतोस. एकेक जण बोलला. तू किती मोठा माणूस होतास हे ऐकून मला सारखं वाटत होतं की तू मागून येऊन मला कोपरानं ढोसशील. मग उत्तम उठला. उत्तमला बोलायचं चांगलं येतं. म्हणाला, "पारसशेठनं आयुष्यभर एकच इच्छा धरली, शाळेचं मैदान चांगलं व्हावं. आपण आता त्यांच्या नावानं मैदान करू. काळी माती काढून मुरूम टाकू. भास्करराव हायेत, ते साहेब हायेत, ते पाहतील. सव्वीसची मॅच नव्या मैदानावर घेऊ. गेटवर पाटी लावू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे नंतर लक्षात आलं तसे हात खाली गेले. तुझा अंकित उभा राहिला. डोळे सुजलेले. म्हणाला, "टिप्पर माझ्याकडं. मी खदानवाल्याशी बोललोय. पप्पांसाठी तेवढं तरी मला करू द्या."

मला जे जन्मभर हवं होतं ते सगळं समोर आलं होतं, पारस. मुरूम, टिप्पर, रोलर, आणि विरोधाला कोणी नाही. मी खुर्चीत बसून होतो.

मी उठलो. म्हणालो, "मुरूम टाका. मी नको म्हणून न्हाई राह्यलो. पण पारसच्या नावानं नको."

उत्तम म्हणाला, "का बरं?"

"त्याला मुरूम मान्य नव्हता. कवाच नव्हता."

"आता मेलेल्या माणसाला काय मान्य अन् काय अमान्य, भास्करराव?"

"जिता व्हता तवा तर अमान्य व्हता ना? आज असता तर तुझ्यासमोर हात जोडून उभा राह्यला असता अन् भांडला असता. आता त्याला उत्तर देता येत न्हाई, म्हणून त्याचा होकार धरायचा का? त्याच्या नावाची पाटी लावून त्यालाच खोटं पाडायचं?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मंग साहेबांचं नाव टाकू. तेवढ्यासाठीच चाललंय." दोघंतिघं हसले. मला ते लागलं. मला वाटलं होतं, निदान उत्तम तरी म्हणेल की भास्कर असा नाही. उत्तम फोटोकडे बघत राहिला. आणि अंकित उठून बाहेर निघून गेला. तो गेला तेव्हा मला खरंच वाटलं की मी चुकलो. पोराचा बाप गेलाय, त्याला काहीतरी करायचंय, आणि मी मुरमाचा हिशोब सांगतोय. पण बोललेलं मागे घेता येईना. घेतलं असतं तर तुझ्या बाजूनं त्या खोलीत एकही माणूस राहिला नसता.

संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. म्हटलं, शिव्या खायच्या तर घरात खाऊ. अंकित माडीवर होता, खाली आला नाही. भाभींनी चहा दिला. त्यांना सभेतलं सगळं कळलेलं होतं. मग म्हणाल्या, "भास्करजी, तुमचा फोन आला ना, की ते एक फुलका जास्त खायचे. शुगर होती तरी. मी म्हणायची, किसीसे झगडा करके भूख कैसे लगती? तर म्हणायचे, भास्करशी भांडलो, आता जेवण बराबर जातं."

मी चहा पिऊन उठलो. चपला घालताना एक चप्पल सापडेना इतकं डोळ्यांत पाणी होतं. भाभींनी दुसरी चप्पल पायानं पुढे सरकवली आणि आत गेल्या.

पंचवीसला मी घमेलं घेऊन एसटीत बसलो. फोन कुणीच केला नव्हता, करणारा नव्हता. टेंभुर्णीत उतरलो, मैदानावर गेलो, तर मैदान मोकळं. भेगा तशाच. टिप्परही आलेला नव्हता. मी पॅन्ट दुमडली आणि कडेची माती खणून घमेलं भरायला लागलो. आजवर ज्याला मी नावं ठेवली ते काम, पावसाळ्यात काय होणार हे पूर्ण माहीत असताना, एकटा करत होतो. माझ्या हाताखालचा कुणी असं करताना दिसला असता तर मी त्याला कामावरून हाकललं असतं.

थोड्या वेळानं गाडी आली. अंकित उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "टिप्पर नको म्हणून सांगितलं मी."

मी म्हणालो, "बरं केलं."

"घमेलं न्हाई माझ्याकडं."

"शाळेचं घे. फुटलेलं हाय, पण चालतं."

त्यानं बाही वर केली. आम्ही दोघं भेगा बुजवायला लागलो. पोरगं तुझ्यासारखं नाही, पारस, त्याला खोऱ्याची सवय नाही, थोड्याच वेळात तळहात लाल झाले. पण थांबलं नाही. मग आपणहून बोलायला लागला. "माझ्या लग्नाची तारीख पंचवीस जानेवारीची निघाली व्हती, काका. मुलीकडचे राजी, भटजी राजी. पप्पा म्हणाले, त्या दिवशी शाळेत काम हाय. तारीख बदलली. मला लई राग आल्ता. आमच्यापेक्षा शाळा जास्त का, असं मी तोंडावर बोललो व्हतो. ते म्हणाले, तू बी ये मंग. मी कवाच आलो न्हाई."

मी म्हणालो, "आलास की."

"आता येऊन काय?" तो म्हणाला, आणि घमेलं उचलून पलीकडे गेला. मी त्याला थोडा वेळ एकटा राहू दिला. परत आला तेव्हा विचारलं, "काका, खरं सांगा. पप्पांचं हे काम बराबर व्हतं का?"

"न्हाई. पावसात माती वर येती. चूक व्हतं."

"मंग आपण का करून राह्यलो?"

"उद्या मॅच हाय म्हणून," मी म्हणालो.

दुपारकडे उत्तम ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून आला. मागून आणखी काही जण आले, प्रत्येकाच्या हातात घमेलं. माझ्याशी कुणी सरळ बोलेना. उत्तम पाणी मारत होता आणि मारता मारता माझे पाय मुद्दाम भिजवले. मी आई-बापावरून शिवी घातली. तो हसला. आमच्यात एवढ्यानं भागतं, तुला माहीत आहे.

सव्वीसला झेंडावंदन झालं. तुझ्या जागी बॅकला अंकितला उभं केलं. त्याला फुटबॉलमधलं काही येत नाही. आपण हरलो. शाळेच्या एका पोरानं टेकाडावरून चेंडू असा उडवला की तो माझ्या डोक्यावरून गेला. हो, मी या वयात गोली उभा राहिलो होतो. डोळे उघडे होते, एवढं तिकडं हाश्मी सरांना कळव.

खेळून झाल्यावर सगळे लिंबाखाली बसलो. उत्तम म्हणाला, "भास्करराव, तुमच्या बोलण्यावर मी घरी जाऊन विचार करून पाह्यला. नावाचं राहू द्या. पण मैदानाचं काय? ते तर करायला पाह्यजे का न्हाई?" मी म्हणालो, पुढच्या वर्षी सभेत रीतसर ठेवा. मुरमाची बाजू मी मांडतो. उत्तम म्हणाला, "अन् पारसशेठची कोण मांडणार? आम्हाला तर त्यांचं म्हणणं काय व्हतं तेच धड माहीत न्हाई. तुम्हालाच पाठ हाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात अंकित म्हणाला, "मी मांडतो. काकांनी मला शिकवावं."

म्हणजे बघ, मी आता तुझ्या पोराला माझ्याविरुद्ध बोलायला शिकवतोय. त्याचं बियाण्याचं दुकान जालन्यातच आहे, त्यामुळे काल रविवारी तो दुकान बंद करून मस्तगडला माझ्याकडे आला. मी त्याला समोर बसवलं आणि तुझे सगळे मुद्दे सांगितले. अनवाणी पोरं. अंग टाकणं. मुरमावर गवत येत नाही ते. मुरमाची धूळ वर्गात येते ते, जे तू मधेच कधीतरी काढलं होतंस आणि ज्याच्यावर मला अजून धड उत्तर सापडलेलं नाही. तुझ्या मुद्द्यांचा क्रमसुद्धा मला माहीत आहे, आधी कुठला काढायचास, चिडल्यावर कुठला. अंकित ऐकत होता. मी मुरमाची बाजू लावली, त्यानं तुझी लावली. अडला की मी सांगत होतो, इथं तुझा बाप असं म्हणाला असता. बायको आतून म्हणाली, "एकट्यानंच दोघांचं भांडण करून राह्यले की तुम्ही."

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, "काका, हे पप्पांचं सोडा. मी माझं विचारून राह्यलो. मैदान एकदम बराबर झालं, भेगाच पडल्या न्हाई, तर मंग पंचवीसला तुम्ही लोकं टेंभुर्णीला कशाला याल?"



हे तू मला कधी बोलला नाहीस, पारस. मातीचं बोललास, पोरांचं बोललास, धुळीचं बोललास, हे नाही. तुला सुचलं नव्हतं, असं मी मानणार नाही. गादीवर बसून दिवसभर रस्त्याकडे बघणारा माणूस तू, कोण गाव सोडून गेलं आणि कोण परत येतं हे तुझ्याइतकं कुणाला कळत होतं? आम्ही यावं असं तुला वाटायचं, एवढं एक वाक्य तुला तोंडानं म्हणता आलं नाही. मलाही तुझं सरळ ऐकता आलं नाही, हे खरं. मी दर वेळी मुरूम म्हणालो आणि तू दर वेळी नाही म्हणालास, आणि त्या निमित्तानं मी दरसाल आलो.

अंकितला मी म्हणालो, "हाच मुद्दा मांड सभेत. याच्यापुढं माझं काही चालायचं न्हाई."

तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही हरले का?"

"हरलो," मी म्हणालो. "पण मुरमाचं मी बोलणार. बोलल्याशिवाय सोडणार न्हाई."

तो जिना उतरून गेला. मी दार लावलं आणि सवयीनं फोन हातात घेतला, तुला सांगायला की तुझा पोरगा तुझ्यापेक्षा चांगला भांडतो. नेहमीच्या नंबरांत तुझा वरच होता. मी तो लावला नाही, पुसलाही नाही. फोन परत खिशात ठेवला.

पुढच्या पंचवीसला मी येतोय.

भास्कर